नजर, चेहरा आणि ऑटिझम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकातील ऑटिझमवरील लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे दोनच गोष्टींभोवती फिरतात : मूल कोठे पाहते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव त्याला कळतात की नाही. मिळतीजुळती पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. 'ऑटिझम' आणि 'स्वमग्नता' हे एकाच अवस्थेचे दोन शब्द आहेत, ते पत्रांत ज्याने जसे वापरले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. हाक मारली तर तो कधी बघतो, कधी बघत नाही. मांडीवर घेऊन बोलताना त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर टिकत नाही, पंख्याकडे मात्र तो बराच वेळ पाहत राहतो. शेजारच्या ताईंनी मोबाइलवर आलेला व्हिडिओ दाखवला, त्यात 'डोळ्यांत बघत नसेल तर ऑटिझम समजा' असे सांगितले होते. सासूबाई म्हणतात, त्याचे बाबाही लहानपणी असेच होते. अमेरिकेत नजर मोजून निदान करणारे यंत्र निघाले आहे म्हणे. त्याचा काही उपयोग होईल का? — एक आई, सातारा

उत्तर : त्या व्हिडिओमागे खरे संशोधन आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष संशोधनाने काढलेला नाही. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११० बाळांना वयाच्या दुसऱ्या महिन्यापासून पुन्हा पुन्हा बोलावून, प्रेमाने बोलणाऱ्या बाईची चित्रफीत दाखवली आणि बाळ तिच्या डोळ्यांकडे, तोंडाकडे, अंगाकडे किंवा इतरत्र किती वेळ पाहते हे नोंदवले. पुढे ज्यांना ऑटिझमचे निदान झाले, ती बाळे दुसऱ्या महिन्यात डोळ्यांकडे पाहण्यात इतरांपेक्षा मागे नव्हती. दुसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान त्यांचे डोळ्यांकडे पाहणे हळूहळू कमी होत गेले. म्हणजे ही क्षमता जन्मतःच नसते असे नाही, ती असते आणि मग ओसरत जाते. शोध मोठा आहे, पण त्या ११० बाळांपैकी पुढे निदान झालेली बाळे जेमतेम डझनभर होती, आणि घसरण दिसली ती महिनोन् महिने घेतलेल्या मोजमापांच्या आलेखात. एका संध्याकाळी मांडीवरच्या मुलाची नजर पाहून आईला दिसेल अशी ती गोष्ट नव्हे.

यंत्राबद्दल सांगायचे तर, १६ ते ३० महिने वयाच्या मुलांसाठी नजर मोजणाऱ्या अशा एका साधनाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२२ साली परवानगी दिली. सहा केंद्रांतील ४७५ मुलांवरचा त्याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहता ऑटिझम असलेल्या मुलांपैकी सुमारे ७१ टक्के मुले यंत्राने बरोबर ओळखली, आणि ऑटिझम नसलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलांना बरोबर वगळले. याचाच अर्थ, निदान झालेल्या दर शंभर मुलांपैकी २९ मुले त्याच्या हातून सुटली आणि ऑटिझम नसलेल्या दर शंभरांतील १९ मुलांवर विनाकारण शिक्का बसला. शिवाय ही मुले मुळातच संशयामुळे तज्ज्ञांकडे आलेली होती. तज्ज्ञाच्या हाताशी असलेले एक जादा साधन म्हणून हे यंत्र उपयुक्त आहे, तज्ज्ञाच्या जागी बसवण्याजोगे नाही. त्याची वाट पाहण्यात तुम्ही एक दिवसही घालवू नये असे माझे मत आहे.

सासूबाईंचे म्हणणे मात्र धुडकावून लावू नका. २०१७ साली जुळ्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असे आढळले की, एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये डोळ्यांकडे पाहण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे असते (साम्याचा गुणांक ०.९१, पूर्ण साम्य म्हणजे १), तर वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांमध्ये ते साम्य बरेच कमी, ०.३५ इतके, असते. चेहऱ्याकडे किती पाहायचे ही सवय मोठ्या प्रमाणात आनुवंशिक असते आणि ऑटिझम नसलेल्या माणसांतही ती कमी-अधिक असते. तेव्हा 'बाबाही असेच होते' ही उपयोगी माहिती आहे आणि ती डॉक्टरांना जरूर सांगावी. तपासणी पुढे ढकलण्याचे कारण मात्र ती होऊ शकत नाही.

घरी पाहायचेच असेल तर नजर किती सेकंद टिकते ते मोजत बसण्यापेक्षा, मूल पाहण्यात तुम्हाला सामील करून घेते का ते पाहा. पंखा आवडतो, ठीक आहे, पण पंख्याकडे बोट दाखवून ते तुमच्याकडे वळून पाहते का? खिडकीबाहेर 'ते बघ, चिऊ' म्हणून तुम्ही बोट केले तर त्याची नजर बोटाच्या दिशेने जाते की बोटावरच अडकते? हवी असलेली वस्तू मागण्यासाठी नव्हे, तर नुसती दाखवण्यासाठी ते तुमच्याकडे आणते का? दीड वर्षाच्या मुलात या गोष्टी दिसायला हव्यात. हाकेला प्रतिसाद अनियमित आहे म्हणून प्रथम कानांची रीतसर तपासणी करून घ्या, हे सांगायचे बरेचदा राहून जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तेथे किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे मुलाला घेऊन जा. बोलण्या-खेळण्याचे मार्गदर्शन पक्के निदान होण्याआधीही सुरू करता येते, आणि पुढे निदान झाले नाही तरी त्याने नुकसान काहीच होत नाही.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम. ए. करते आहे. प्रबंधासाठी स्वमग्न मुलांच्या दृश्य सामाजिक अवधानावर, म्हणजे माणसांकडे नजरेने दिल्या जाणाऱ्या लक्षावर, काम करावे असे मनात आहे. आय-ट्रॅकर हे नजर टिपणारे यंत्र नेमके काय मोजते, आणि 'चेहऱ्याकडे पाहिले' म्हणजे 'चेहऱ्याकडे लक्ष दिले' असे म्हणता येते का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग या क्षेत्रातल्या बऱ्याच छापील निबंधांनीही स्वतःला विचारलेला नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पडद्याखाली बसवलेले यंत्र डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकते. तो प्रकाश बुबुळासमोरच्या पारदर्शक पटलावरून परावर्तित होऊन एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्याचे बाहुलीच्या मध्यापासूनचे अंतर आणि दिशा यांवरून, डोळा पडद्यावर कोठे रोखला आहे याचा हिशेब यंत्र सेकंदाला साठपासून हजार वेळांपर्यंत करते. त्याआधी प्रत्येक व्यक्तीसाठी यंत्र जुळवून घ्यावे लागते. मोठ्यांना पडद्यावरच्या पाच किंवा नऊ बिंदूंकडे पाहायला सांगतात, लहान मुलांसाठी त्या जागी आवाज करत फिरणारे खेळणे दाखवतात. नजर एका जागी साधारण दोन-तीन दशांश सेकंद स्थिरावते आणि मग झटक्यात दुसरीकडे जाते. संशोधक चित्रावर डोळे, तोंड, हात, वस्तू असे भाग आखून घेतात आणि प्रत्येक भागात नजर किती वेळ स्थिरावली त्याची बेरीज करतात.

चांगल्या परिस्थितीत या मोजमापात सुमारे अर्ध्या अंशाची चूक धरून चालतात. मूल पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसले असेल तर अर्धा अंश म्हणजे पडद्यावर अर्धा सेंटिमीटर. पडद्यावर एकच मोठा चेहरा असेल तर याने काही बिघडत नाही. पण खोलीत चार माणसे बोलत आहेत असे दृश्य असेल, प्रत्येक चेहरा तीन सेंटिमीटर उंचीचा असेल, तर डोळे आणि तोंड यांत एखाद-दीड सेंटिमीटरच अंतर उरते, आणि मूल जरा हलले की डोळ्यांवरची नजर नाकावर किंवा तोंडावर नोंदली जाऊ शकते. चष्म्याची चमक, अर्धवट मिटलेल्या पापण्या आणि आपल्याकडे बाळांच्या डोळ्यांत भरभरून घातलेले काजळ यांनीही बाहुलीची कड शोधण्यात यंत्राचा गोंधळ होऊ शकतो. स्वमग्न मुलांच्या गटात हालचालींमुळे वाया जाणाऱ्या नोंदी अनेकदा जास्त असतात, म्हणून एकूण वेळेच्या नव्हे तर प्रत्यक्ष पडद्याकडे पाहिलेल्या वेळेच्या तुलनेत प्रमाण काढावे, आणि वाया गेलेल्या नोंदी दोन्ही गटांत किती आहेत हे आधीच जाहीर करावे. हे न करता मांडलेला निष्कर्ष मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

आता लक्षाबद्दल. माणूस एकीकडे पाहत दुसरीकडे लक्ष ठेवू शकतो, हे जगजाहीर आहे. आय-ट्रॅकर नजरेची जागा मोजतो, तिच्यामागचे कारण मोजत नाही. तरीही काही प्रयोगांची रचनाच अशी असते की कारणाचा अंदाज येतो. येल विद्यापीठात क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात स्वमग्न आणि इतर तरुणांना १९६६ सालच्या एका इंग्रजी नाट्यपटातले प्रसंग दाखवले होते. एका प्रसंगात एक तरुण भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवून ते कोणी काढले असे विचारतो, आणि भिंतीवर चित्रे एकाहून अधिक आहेत. सर्वसाधारण प्रेक्षकाची नजर बोट उठताच नेमक्या चित्रावर गेली आणि तेथून उत्तर देणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे वळली. स्वमग्न प्रेक्षकाने बोटाची दखल घेतली नाही. 'चित्र' हा उल्लेख कानावर पडल्यानंतर त्याची नजर एका चित्रावरून दुसऱ्यावर फिरत राहिली. तो लक्ष देत नव्हता असे कोण म्हणेल? तो बोलण्याकडे लक्ष देत होता, हाताच्या खुणेकडे देत नव्हता इतकेच. त्याच गटाच्या १५ विरुद्ध १५ जणांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी फारशी सांगितली जात नाही : स्वमग्न तरुणांपैकी जे तोंडाकडे जास्त पाहत होते, त्यांचे सामाजिक व्यवहार तुलनेने बरे होते, आणि वस्तूंकडे जास्त पाहणाऱ्यांचे कमकुवत होते. डोळे चुकवणे म्हणजे सगळे चुकवणे नव्हे. २०१६ साली ३८ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात सामाजिक अवधानातला फरक मध्यम आकाराचा निघाला, आणि दृश्यात माणसे जितकी जास्त तितका तो वाढत गेला. एकट्या स्थिर चेहऱ्याची छायाचित्रे दाखवून प्रबंध करण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

साधनाच्या खर्चाची काळजी तुम्ही पत्रात पुढे केली आहे. भारतात संशोधक भीष्मदेव चक्रबर्ती यांच्या पुढाकाराने, संगथ ही संस्था, दिल्लीचे एम्स, मुंबईचे आयआयटी आणि इतरांनी मिळून 'स्टार्ट' नावाचे टॅब्लेटवरचे साधन तयार केले आहे. दिल्ली परिसरात २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांची तपासणी तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, कुटुंबाच्या राहत्या घरी जाऊन, त्या टॅब्लेटवर केली. त्यात अवरक्त यंत्र नाही. टॅब्लेटच्या साध्या कॅमेऱ्यावरून मूल माणसांच्या चित्रफितीकडे जास्त पाहते की भौमितिक आकृत्यांच्या, एवढे ठरवतात आणि त्याला खेळ, स्पर्श, हालचाल यांच्या नोंदींची जोड देतात. या जोडीचे महत्त्व कॅरेन पिअर्स यांच्या कामावरून कळते. २०११ साली त्यांच्या गटाला असे दिसले की, नाचणाऱ्या आकृत्यांकडे ६९ टक्क्यांहून अधिक वेळ पाहणारी लहान मुले जवळजवळ हमखास स्वमग्न निघतात. २०१६ साली ३३४ मुलांवर तीच चाचणी घेतली तेव्हा चुकीचा शिक्का क्वचितच बसला, परंतु स्वमग्न मुलांपैकी ओळखली गेली ती २१ टक्केच. उरलेली मुले आकृत्यांवर भाळली नव्हती. नजरेच्या एकाच चाचणीवर विसंबू नये याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गात ऑटिझम असलेला एक मुलगा आहे. भिंतीवरच्या तक्त्यातले आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला असे सगळे चेहरे तो अचूक सांगतो. पण वर्गात गोंधळ झाला की मी बोलायचे थांबते आणि नुसती पाहत राहते, तेव्हा सगळी मुले गप्प होतात आणि हा आपले बोलतच राहतो. मुद्दाम करतो का? — एक शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : मुद्दाम नव्हे. तक्त्यातला रागावलेला माणूस भुवया आवळतो, ओठ घट्ट मिटतो. तुमचा राग चेहऱ्यावर तसा नसतोच. तो अचानक झालेल्या शांततेत, खाली ठेवलेल्या खडूत आणि बाकीची मुले एकमेकांकडे पाहून गप्प झाली यात असतो. हे सगळे जमवून 'बाई रागावल्या' असा अर्थ लावायला इतर मुलांना क्षणभर पुरतो. त्याला बहुधा त्याच वेळी पाच ठिकाणी पाहावे लागते. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली घेतलेल्या विस्तृत आढाव्याचा निष्कर्षही असाच आहे की, राग आला की माणूस दर वेळी आठ्या घालत नाही आणि आठ्या घालणारा दर वेळी रागावलेला नसतो. तक्ते आणि बऱ्याचशा चाचण्या ठरवून केलेल्या, अतिरेकी हावभावांच्या छायाचित्रांवर बेतलेल्या असतात.

संशोधनातही हा तिढा दिसतो. उल्यारेविच आणि हॅमिल्टन यांनी २०१३ साली ४८ निबंध एकत्र तपासले तेव्हा भाव ओळखण्यातली अडचण बरीच मोठी दिसली, फरकाचा आकार ०.८० होता. पण फरक न सापडलेले अभ्यास छापलेच जात नाहीत ही गोष्ट हिशेबात घेतल्यावर तो ०.४१ वर आला. आनंद ओळखण्यात अडचण नगण्य होती, भीती ओळखण्यात थोडी जास्त. त्याच वर्षी रिचर्ड कुक, जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी वेगळाच मुद्दा पुढे आणला. स्वतःच्या भावना ओळखता किंवा शब्दांत सांगता न येणे, ज्याला मानसशास्त्रात अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात, ते ज्यांच्यात जास्त होते त्यांना इतरांचे चेहरे वाचणे जड गेले, मग ते स्वमग्न असोत वा नसोत. २०१९ च्या एका संकलनानुसार स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांत ही अडचण आढळते, इतरांत सुमारे ५ टक्क्यांत. म्हणजे उरलेल्या निम्म्या स्वमग्न व्यक्तींना चेहरे वाचता येत नाहीत असे सरसकट म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तुमचा विद्यार्थी तक्ता अचूक सांगतो यावरून भावनांची नावे त्याला येतात एवढे नक्की. पोट दुखत असेल, भीती वाटत असेल, तेव्हा ते त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, हे एकदा त्याच्या आईला विचारा.

वर्गात करायचे ते फार सोपे आहे. राग शब्दांत सांगा : 'मी आता रागावले आहे, कारण सगळे एकदम बोलत आहेत. पेन्सिली खाली ठेवा.' कारण आणि पुढची कृती दोन्ही सांगा. तक्त्याचा सराव वाढवून वर्गातले वागणे सुधारेल या आशेवर फार वेळ घालवू नका, कारण चाचणीत शिकलेले प्रसंगात उतरणे हाच अशा सरावांचा सर्वांत कच्चा दुवा आहे.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे, मला विसाव्या वर्षी ऑटिझमचे निदान झाले. समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले की तो काय बोलतो ते मला ऐकूच येत नाही. खाली पाहिले की सगळे समजते. नोकरीच्या मुलाखतींत हेच आडवे येते. तुमचे संशोधन 'स्वमग्न लोक डोळ्यांत पाहत नाहीत' एवढेच सांगत असते. आम्हाला कोणी विचारले का? — ठाणे

उत्तर : उशिराने का होईना, विचारू लागले आहेत, आणि अनेक प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी तुमच्यासारखेच सांगितले आहे : डोळ्यांत पाहणे त्रासाचे होते, किंवा पाहणे आणि ऐकणे एकाच वेळी जमत नाही. मेंदूच्या प्रतिमांचे अभ्यास त्याला काहीसा दुजोरा देतात. नुशीन हाजीखानी यांच्या गटाने २०१७ साली सहभागी व्यक्तींची नजर चित्रातल्या डोळ्यांच्या भागातच राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतील, चेहऱ्यांना झटपट प्रतिसाद देणाऱ्या खोलवरच्या भागांत इतरांपेक्षा जास्त सक्रियता दिसली. म्हणजे डोळ्यांत न पाहणे हे उदासीनतेपेक्षा, अति झालेल्या उद्दीपनापासून केलेला बचाव असू शकते. त्याच वर्षी क्लिन-जोन्स यांच्या गटाने दोन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग मात्र उलट दिशेला गेला. चित्रफीत सुरू होण्याआधी मुलांची नजर डोळ्यांच्या जागी आणून ठेवली, तरी स्वमग्न मुलांनी ती इतरांपेक्षा लवकर हटवली नाही. त्या वयात टाळण्यापेक्षा डोळ्यांना विशेष महत्त्व न देणे घडत असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दोन वर्षांच्या मुलाचे आणि चोवीस वर्षांच्या तरुणाचे कारण एकच असले पाहिजे असे नाही. मधल्या काळात लोकांनी 'इकडे बघ' म्हणून किती वेळा हटकले, याचाही त्यात वाटा असणार असे मला वाटते.

अडचण एकाच बाजूची आहे हे गृहीतकही आता टिकत नाही. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की, ही दोन्हीकडून होणारी गल्लत आहे : स्वमग्न व्यक्तीला इतरांचे कळत नाही तसेच इतरांनाही तिचे कळत नाही. पुढे प्रयोगांतून दिसले की स्वमग्न व्यक्तींचे हावभाव इतरांना नीट ओळखता येत नाहीत. नोआ सॅसन यांच्या २०१७ च्या अभ्यासात तर काही सेकंदांची चित्रफीत पाहूनच लोकांनी स्वमग्न व्यक्तींबद्दल प्रतिकूल मत बनवले, आणि तेच बोलणे नुसते लिहून वाचायला दिले तेव्हा तो फरक नाहीसा झाला. मुलाखतीत आपल्याबाबत काय घडत असावे, हे तुम्हाला यावरून ताडता येईल.

या बाजूनेही अतिशयोक्ती होऊ नये म्हणून एक भर घालते. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी, गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगत नेण्याचा प्रयोग केला. त्यात स्वमग्न व्यक्तींची साखळी इतरांच्या साखळीइतकीच अचूक ठरली आणि मिश्र साखळीत मजकूर जास्त गळाला. या निष्कर्षाचा खूप गाजावाजा झाला. त्याच संशोधकांनी ३११ जणांना घेऊन तो प्रयोग पुन्हा केला, आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. स्वमग्न व्यक्ती माहिती पोचवण्यात कमी पडत नाहीत हे दोन्ही वेळा दिसले, 'आपले आपल्यालाच कळते' हे मात्र दुसऱ्या वेळी दिसले नाही.

मुलाखतीच्या सुरुवातीलाच 'मी खाली पाहून नीट ऐकतो' असे एक वाक्य सांगून टाकावे. ते सांगायचे की नाही हा निर्णय तुमचाच आहे.

प्रश्न : नाकात मारायच्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या फवाऱ्याने मुले डोळ्यांत पाहू लागतात असे नातवासाठी वाचले. मागवावा का? — एक आजोबा, सोलापूर

उत्तर : मागवू नये. एकेका मात्रेनंतर नजर थोडी वाढल्याचे छोट्या अभ्यासांत दिसले होते. २०२१ साली ३ ते १७ वर्षांच्या २९० मुलांवर २४ आठवडे चाललेल्या, औषधाचा फवारा आणि औषध नसलेला फवारा यांची तुलना करणाऱ्या चाचणीत सामाजिक वागण्यात फरक पडला नाही.

प्रश्न : मुलीच्या केंद्रात खाऊ किंवा खेळणे देण्याआधी तिची हनुवटी धरून 'माझ्याकडे बघ' म्हणतात, आणि पाहिल्यावरच वस्तू देतात. ती आता घरीही घास घेण्याआधी क्षणभर माझ्याकडे पाहून लगेच मान फिरवते. ही प्रगती आहे का? — एक आई, फोंडा

उत्तर : घास मिळण्याची किल्ली म्हणून ती पाहायला शिकली आहे. तुमच्या चेहऱ्यावर काही वाचण्यासारखे आहे हे तिला त्यातून कळले, असे तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. हनुवटी धरणे बंद करायला सांगा. हे शांतपणे पण स्पष्टपणे सांगावे, आणि पर्यायही मागावा.

पर्याय तुमच्या गोव्यातच तपासला गेला आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांबरोबर काम केले. आई आणि मूल खेळत असताना छोटे चित्रीकरण करायचे, मग कार्यकर्ता आणि आई यांनी बसून ते पाहायचे आणि मुलाने कोणत्या क्षणी काहीतरी सांगू पाहिले, आईने ते हेरले की तिचे लक्ष दुसरीकडे होते, हे शोधायचे. मुलाकडून पाहणे वसूल करण्याऐवजी मुलाचे पाहणे जिथे आहे तिथे आईने जायचे, असा हा उलटा क्रम आहे. पालकांचे मुलाशी जुळवून घेणे स्पष्टपणे वाढले आणि मुले स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. गंमत म्हणजे, आई आणि मूल यांनी एकाच गोष्टीत मिळून लक्ष घातल्याचा मोजलेला वेळ मात्र उपचार घेतलेल्या गटात कमी निघाला. ज्यांना नजर हीच प्रगतीची मोजपट्टी वाटते त्यांनी हा निकाल जरूर वाचावा : मूल जास्त बोलू पाहत होते आणि अवधानाचा तक्ता उतरत होता.

घरी एवढे करा. ती पाण्याशी खेळत असेल तर तिच्या शेजारी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा, ती जे करते त्याला एक-दोन शब्द द्या आणि थांबा. तुमच्याकडे ती आपणहून वळली तर हसा, पण 'शाब्बास, बघितलेस!' म्हणू नका. वळणे पुन्हा परीक्षा होऊन बसेल.

प्रश्न : एका महाविद्यालयाने नजरेच्या अभ्यासासाठी आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला बोलावले आहे. जावे का? — नाशिक

उत्तर : जाण्यास हरकत नाही, चार गोष्टी लेखी मिळत असतील तर : नैतिकता समितीची मंजुरी, मुलाचे चित्रीकरण कोण किती काळ ठेवणार, मध्येच उठून जाता येईल का, आणि शेवटी तुम्हाला काय सांगितले जाईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी संमतीही घ्यावी लागते, पालकांची सही त्याऐवजी चालत नाही. बोलत नसलेल्या मुलाने मान फिरवणे, खुर्चीवरून उतरणे हा नकारच समजावा. आय-ट्रॅकरपुढे बसणे निरुपद्रवी असते, पण अनोळखी अंधारी खोली काही मुलांना सोसत नाही, म्हणून आदल्या दिवशी खोली दाखवून आणता येईल का ते विचारा. मुलाला चष्मा असेल तर तेही आधी कळवा. एका मुलाच्या आलेखावरून त्याच्याबद्दल काही ठरवता येत नाही, आणि प्रामाणिक संशोधक तसे स्वतःहून सांगतो. 'अहवालात मुलाचे सामाजिक गुण देऊ' असे कोणी म्हणाले तर मी त्या दारातून परत फिरेन.